भुताचा फोटो तपासताना

पुण्यातल्या पेठेत फोटो स्टुडिओ चालवण्यात माझी हयात गेली. ब्लॅक-अँड-व्हाइट रोल धुण्यापासून मोबाईलमधल्या फोटोंच्या प्रिंट काढून देण्यापर्यंतचा सगळा काळ एकाच काउंटरमागे सरला. पासपोर्टचे फोटो, मुंजीचे अल्बम, जुन्या फोटोंची दुरुस्ती ही नेहमीची कामं. पण अधूनमधून एखादं गिऱ्हाईक दुकान रिकामं होईपर्यंत थांबे आणि मग हळू आवाजात विचारी, "काका, यात मागे कोण उभं आहे, जरा बघता का?" पूर्वी पाकिटातून प्रिंट निघायची, आता फोन पुढे येतो.

विचारणाऱ्यांत बँकेतले अधिकारी असतात, शाळेतल्या बाई असतात, इंजिनिअरिंगची मुलं असतात. त्यांना मी कधी हसलो नाही. भूत असो वा नसो, समोरच्या माणसाची भीती खरी असते. फोटोतली आकृती कुठून आली हा प्रश्न मात्र तपासून सुटतो, आणि तो तपासूनच सोडवावा असं माझं ठाम मत आहे. तपासताना जे कळत गेलं ते सांगतो.

१. आकृतीकडे सर्वात शेवटी बघा

फोटो दाखवणाऱ्याचं बोट आधीच त्या जागेवर असतं. "हे बघा, इथे." एकदा बोट पडलं की आपल्यालाही तेच दिसू लागतं. म्हणून फोटो बघण्याआधीच मी विचारून घेतो. कुणी काढला? किती वाजता? फ्लॅश होता का? काचेतून काढला का? त्या वेळी आसपास कोण कोण होतं? आणि याच्या आधीचा व नंतरचा फोटो कुठे आहे?

हा शेवटचा प्रश्न सर्वात उपयोगाचा. रोलच्या जमान्यात निगेटिव्हची पट्टी उजेडावर धरली की शेजारच्या फ्रेम सगळं सांगून टाकत. रोल पुढे सरकला नाही तर एकाच फ्रेमवर दोन दृश्यं बसत आणि बारशातल्या पाळण्यावर पर्वतीच्या पायऱ्या दिसत. कुणी वापरलेला रोल चुकून पुन्हा कॅमेऱ्यात घाले, मग आख्ख्या रोलभर परकी माणसं वावरत. कॅमेऱ्याच्या पाठीमागचा फोम झिजला की आत उजेड शिरे आणि रंगीत फोटोच्या कडेला नारिंगी ज्वाळ उमटे. लोकांना त्यात पदर दिसे, हात दिसे.

आता पट्टी गेली, पण फोनमध्ये गॅलरी आहे. माणूस एका जागी चार-पाच फोटो काढतो, त्यातला एक 'भुताचा' निघतो आणि बाकीचे डिलीट होतात. ते डिलीट केलेले फोटो पुष्कळदा काही दिवस फोनच्या कचऱ्याच्या फोल्डरमध्ये शिल्लक असतात. आधी ते काढा.

२. मूळ फाइल मिळाल्याशिवाय मत देऊ नका

व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेला फोटो लहान झालेला असतो. बारीक तपशिलाचे चौकोनी ठोकळे झालेले असतात आणि फाइलच्या पोटातली माहितीही गळून गेलेली असते. ती माहिती म्हणजे या कामातला पंचनामा. कॅमेरा कोणता, तारीख-वेळ काय, शटर किती वेळ उघडं होतं, फ्लॅश उडाला की नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. ही माहिती बदलताही येते, म्हणून तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पण तिच्याशिवाय सुरुवातच होत नाही.

वेताळ टेकडीवर संध्याकाळी काढलेला एक ग्रुप फोटो काही मुलांनी आणला होता. टेकडीचं नाव वेताळ, माथ्यावर वेताळाचं देऊळ, त्यामुळे मनाची तयारी आधीच झालेली. रांगेच्या टोकाला एक धूसर माणूस, त्याच्या अंगातून मागची झुडपं दिसत होती. मूळ फाइलमध्ये शटर जवळजवळ अर्धा सेकंद उघडं होतं. तेवढ्या वेळात स्थिर झुडपं पूर्ण उमटतात, आणि मध्येच येऊन उभा राहिलेला माणूस अर्धाच उमटतो. "टायमर लावून रांगेत कोण धावत आलं होतं?" एवढंच मी विचारलं. एका मुलाने हात वर केला.

मूळ प्रत आपल्या ताब्यात असणं किती महत्त्वाचं, हे शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणातून कळतं. इंग्लंडमध्ये विल्यम होप नावाचा माणूस मृतांचे फोटो काढून देत असे, आणि शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल त्याची बाजू घेत. १९२२ मध्ये हॅरी प्राइस या संशोधकाने क्ष-किरणांनी गुप्त खूण केलेल्या काचेच्या प्लेट होपकडे नेल्या. होपने जी आत्म्याची प्लेट दिली तिच्यावर ती खूणच नव्हती. प्लेट बदलली गेली होती.

३. उजेडाचे गोळे म्हणजे धूळ, पाणी आणि किडे

जुलैत सिंहगडावरून येणाऱ्या फोटोंत हे गोळे भरपूर असतात. छोट्या कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. लेन्ससमोर वीतभर अंतरावर तरंगणारा पावसाचा थेंब किंवा धुळीचा कण फ्लॅशमध्ये झगमगतो, आणि फोकसबाहेर असल्यामुळे फुगून चकतीएवढा दिसतो. विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळलेला असताना फ्लॅश मारून बघा, शेकडो गोळे मिळतील. पुन्हा त्याच जागी फ्लॅश बंद करून फोटो काढा. गोळे गेले तर प्रश्न मिटला.

४. काच आणि दिवा आधी शोधा

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानीचा महाल पुन्हा उभारलेला आहे. मस्तानीचं नाव घेतलं की कल्पना धावतेच. पण संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं आली, आणि काचेतून काढलेल्या फोटोत काढणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचं प्रतिबिंब येतं, तेही पारदर्शक आणि वस्तूंच्या मधोमध तरंगणारं. फोन काचेला टेकवून पुन्हा काढला की प्रतिबिंब जातं.

हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांची परीक्षा आणखी सोपी. फोटोत जो झगझगीत दिवा असेल तिथून फोटोच्या बरोबर मध्यातून एक सरळ रेष समोरच्या बाजूला न्या. ठिपका त्या रेषेवर पडला तर ती लेन्सच्या आतल्या भिंगांवरून उलटलेली दिव्याची तिरीप आहे.

५. आजचा फोन एक क्षण टिपत नाही

हे लोकांना पटवायला सर्वात अवघड जातं. रात्रीच्या मोडमध्ये फोन अनेक फोटो एकामागोमाग घेतो आणि त्यांचा एक करतो. त्या दरम्यान कुणी हललं तर त्याचे दोन चेहरे होतात, हात नाहीसा होतो. पॅनोरमात चालणारा माणूस पायांशिवाय येतो. वर फोन स्वतःच्या हिशेबाने चेहरे उजळतो आणि कडा रेखतो. "मी एडिट केलेलं नाही" असं सांगणारा मुलगा खरं बोलत असतो. एडिट फोनने केलेलं असतं.

सोसायट्यांच्या सीसीटीव्हीचंही असंच. सिंहगड रोडच्या एका सोसायटीत पार्किंगच्या कॅमेऱ्यात रोज रात्री पांढरी, लांबट, थरथरणारी आकृती दिसू लागली. वॉचमनने रात्रपाळी सोडली. बायका लिफ्टमधून एकट्या जायला तयार होईनात. दुसऱ्या मजल्यावर नुकतंच एक मरण झालं होतं, तर त्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. मला हे फार लागलं. दुःखात असलेल्या कुटुंबाकडे जिन्यात कुणी बघून न बघितल्यासारखं करावं, हे एका चित्रफितीपायी. शिडी लावून मी कॅमेरा बघितला. रात्री पाहण्यासाठी कॅमेऱ्याभोवती अवरक्त दिवे असतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याजवळ किडे जमतात आणि किड्यांमागे कोळी येतो. लेन्सपुढच्या जाळ्याचा एक धागा त्या दिव्यात पांढराशुभ्र दिसत होता आणि वाऱ्याने हलत होता. फडक्याने पुसला. त्या रात्री सेक्रेटरींनी सगळ्यांना खाली बोलावून स्क्रीन दाखवला, आणि मयताच्या घरच्यांनाही मुद्दाम बोलावलं. हे त्यांनी फार चांगलं केलं.

६. शनिवारवाड्याचा फोटो आला तर इतिहास उघडा

पुण्यातले सर्वाधिक 'भुताचे' फोटो शनिवारवाड्याच्या नावावर फिरतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वाड्यात खून केला. 'काका, मला वाचवा' ही हाक अमावास्या-पौर्णिमेला ऐकू येते, असं पुण्यातलं प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. त्यामुळे वाड्याच्या तटाजवळ रात्री काढलेल्या फोटोत जरा काही धूसर आलं की नाव एकच निघतं.

अशा फोटोला मी चार प्रश्न विचारतो. वाडा संध्याकाळनंतर पाहणाऱ्यांसाठी बंद होतो, मग मध्यरात्रीचा आतला फोटो काढणारा आत गेला कसा? दुसरा, नारायणराव ज्या दालनांतून धावले ती आज कुठे आहेत? १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे हौद. एकदा मला दाखवलेल्या फोटोत सुरुदार लाकडी खांबांची ओसरी होती आणि तिच्या टोकाला पांढरी आकृती. ती ओसरी विश्रामबागवाड्याची होती. फोटो तयार करणाऱ्याने वाडाच चुकवला होता.

तिसरा प्रश्न ओळखीचा. फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये, खुनानंतर सहासष्ट वर्षांनी. नारायणरावांचा चेहरा आपल्याला चित्रांतूनच ठाऊक, मग त्या धुरकट ठिपक्यात ते ओळखले कुणी? आणि चौथा, अंगावर काय आहे? बहुतेक फोटोंत पांढऱ्या झग्यातली, केस तोंडावर सोडलेली मुलगी असते. ही आकृती परदेशी भयपटांतून फोनच्या अॅपमध्ये आली. अशी अॅप फुकट मिळतात, एका बोटाने आकृती हवी तिथे चिकटते. तीच मुलगी, त्याच वळणाच्या केसांसह, मी सिंहगडाच्या वाटेवर पाहिली आहे आणि एका हॉस्टेलच्या जिन्यातही. आपल्या मुंजाला, हडळीला, खविसाला या अॅपमध्ये जागा नाही. गुरुवार पेठेला एके काळी वेताळ पेठ म्हणणाऱ्या या गावात कुणाच्याही फोटोत पिंपळाखालचा मुंजा उमटू नये, यावरूनच हे फोटो कुठे तयार होतात ते कळतं.

मला याचा राग येतो तो दुसऱ्याच कारणाने. अठरा वर्षांचा मुलगा घरच्यांच्या कटात मारला गेला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी काका राघोबादादांना त्यांच्या तोंडावर दोषी ठरवलं. पुण्याच्या इतिहासातली ही केवढी मोठी गोष्ट! ती बाजूला राहते आणि पोरांना आठवतो तो फोनवरचा झगा.

७. चेहरा दिसणं हा आपल्या मेंदूचा स्वभाव आहे

दोन काळे ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावर आपण चेहरा बघतो. चेहऱ्याकडे वळण्याची ही शक्ती तान्ह्या बाळातही असते, ती भिंतीच्या ओलीवर आणि झाडांच्या पानांतही काम करते. १९७६ मध्ये व्हायकिंग यानाने मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो पाठवला, त्यात माणसाचा चेहरा दिसला. पुढे मार्स ग्लोबल सर्व्हेयरने जास्त बारकाईने फोटो घेतले तेव्हा साधी झिजलेली टेकडी दिसली. म्हणून फोटो मोठा करत जाऊ नका. मोठं करताना तपशील वाढत नाही, फक्त डाग वाढतात. त्याऐवजी फोटो उलटा करा. उलट्या फोटोत चेहरा टिकला नाही तर तो सावल्यांचा होता.

८. ट्रिक ही याच मातीतली विद्या आहे

दादासाहेब फाळके बडोद्यात फोटोचा व्यवसाय करू लागले तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो ही समजूत त्यांच्या आड आली. त्याच फाळक्यांनी पुढे पडद्यावर देव प्रगट केले आणि अंतर्धान केले, तेही कॅमेऱ्यातच: फिल्म थांबवून, मागे घेऊन, तिच्यावर दुसऱ्यांदा चित्र घेऊन. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले, ते याच गावातल्या स्टुडिओतून. त्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. माझ्या पिढीतले पुण्यातले फोटोग्राफर या कारागिरीकडे बघत शिकले.

'संत तुकाराम' बघताना प्रेक्षक हात जोडत होते, पण आपण सिनेमा बघतो आहोत हे त्यांना माहीत होतं. तीच युक्ती लपवून, खरी म्हणून विकली की ती फसवणूक होते. माझ्या लेखी कलावंत आणि भोंदू यांच्यातला सगळा फरक एवढाच.

९. 'ओळख पटली' हा पुरावा नाही, पण तिथेच खरं दुःख असतं

आत्म्यांच्या फोटोंचा धंदा सुरू झाला तो अमेरिकेत, १८६० च्या दशकात. बॉस्टनचा विल्यम ममलर. यादवी युद्धात घरोघरची मुलं गेलेली, आणि हा गिऱ्हाइकाच्या खांद्यामागे त्याचं माणूस उमटवून देई. यातले काही 'आत्मे' बॉस्टनमध्ये हयात आढळले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला झाला. सर्कसवाले बार्नम साक्षीला आले आणि त्यांनी आपल्या मागे लिंकन उमटवलेला बनावट फोटो कोर्टात दाखवला. तरी ममलर सुटला, कारण नेमकं कसं करतो हे सिद्ध झालं नाही. पुढे लिंकन यांच्या विधवा पत्नी स्वतः त्याच्याकडे गेल्या आणि नवऱ्याचे हात खांद्यावर असलेला फोटो घेऊन आल्या.

१८७५ मध्ये पॅरिसच्या ब्युगेने तर कोर्टात कबुली दिली, त्याच्या स्टुडिओत बाहुल्या आणि चेहऱ्यांची कात्रणं सापडली. तरी साक्षीदार सांगत राहिले की तो चेहरा आमच्याच माणसाचा होता. हे वाचून मला त्या लोकांचा राग आला नाही. मी तशा माणसांबरोबर काम केलं आहे.

गेलेल्या माणसाला कुटुंबाच्या फोटोत बसवून देणं हे आमच्या स्टुडिओंचं नेहमीचं काम होतं. मुलीच्या लग्नाचा ग्रुप फोटो घ्यायचा, वडिलांचा जुना फोटो त्याच मापाचा काढायचा, बारीक कात्रीने कापायचा, कडा खरवडून पातळ करायच्या, आईच्या शेजारी चिकटवायचा, ब्रशने सावली भरायची आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. "यांना जरा हसरं करता येईल का?" असं एका आजींनी मला विचारलं होतं. त्यांना हा फोटो मी बनवतो आहे हे पुरतं ठाऊक होतं. फ्रेम हातात घेतल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग पदराने काच पुसली.

त्यामुळे कुणी धुरकट फोटो आणून "ही आमची ताई आहे" असं म्हणतं तेव्हा मी आधी ताईबद्दल विचारतो. फोटोची चिकित्सा नंतर. खोटं बोलून मात्र कधी पाठवत नाही. धुराच्या वेटोळ्याला ताई म्हणून मी दुजोरा दिला तर उद्या दुसरा कुणी तिच्याशी बोलणं करून देतो म्हणेल आणि पैसे मागेल.

१०. त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा फोटो काढा

सगळ्या परीक्षांत ही श्रेष्ठ. तोच फोन, तेच अंतर, तीच वेळ, तोच दिवा. आकृती पुन्हा आली तर कारण जागेत आहे: काच, तार, डाग, दिवा. आली नाही तर त्या क्षणी काहीतरी हललं होतं. शक्य असेल तर ज्याला भीती वाटते त्यालाच सोबत घेऊन जा आणि फोन त्याच्या हातात द्या. स्वतःच्या हाताने ते 'भूत' पुन्हा काढता आलं की भीती जशी जाते तशी माझ्या बोलण्याने जात नाही.

११. 'कारण कळलं नाही' म्हणजे 'भूत आहे' असं नव्हे

काही फोटोंचं उत्तर मिळत नाही. मूळ फाइल नसते, काढणारा सापडत नाही, प्रिंट चौथ्या हाताची असते. तिथे "सांगता येत नाही" एवढंच प्रामाणिक उत्तर. पण हेही सांगतो: जिथे मूळ फाइल, जागा आणि माणूस तिन्ही हाती लागले, तिथे साधं कारण सापडलं नाही असा एकही फोटो माझ्यासमोर आलेला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं चमत्कार सिद्ध करण्याचं २१ लाखांचं आव्हानही कुणी जिंकलेलं नाही. आता तर संगणकाने शून्यातून बनवलेली चित्रं येतात. त्यांत दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं काही वेळा गिचमिड येतात, माणसाची सावली एकीकडे आणि खांबाची दुसरीकडे पडते. आधी पाटी वाचा, मग सावल्या बघा. पुढे या खुणाही राहणार नाहीत, तेव्हा फोटो कुणाकडून आला आणि मूळ प्रत कुठे आहे एवढ्यावरच सगळं ठरेल.

१२. फोटोच्या आधाराने कुणी पैसे मागू लागलं तर

इथे मात्र फोटोची चर्चा थांबवा. घरातल्या सुनेच्या फोटोत मागे सावली दिसली म्हणून तिला बाधा झाली ठरवायची, औषधं बंद करायची, उतरवून घ्यायला न्यायचं, हे शहरातही घडतं. याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, ओंकारेश्वराजवळ, त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चमत्काराच्या दाव्यावर लोकांना फसवून पैसे उकळणं, भुताची भीती घालून माणसाला डॉक्टरांकडे जाण्यापासून अडवणं, हे सगळं त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

असा प्रसंग घरात किंवा शेजारी घडत असेल तर फोटो डिलीट करू नका. मूळ फाइल, तो पाठवणाऱ्याचा मेसेज आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा, आजारी माणसाला आधी डॉक्टरांकडे न्या आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्या.